लग्नानंतर विमा पॉलिसीतील नॉमिनी तपासणे आणि बदलणे

शिरोलीच्या फौंड्रीत नोकरीला लागलेला मुलगा लग्नाआधी पॉलिसी काढतो, तेव्हा नॉमिनी म्हणून आईचे नाव देतो आणि ते स्वाभाविकच असते. पुढे संसार उभा राहतो, हप्ते वेळेवर भरले जातात, पण बाँडवरचे, म्हणजे पॉलिसीच्या मूळ कागदावरचे नाव बदलायचे राहून जाते. विमेदाराचे बरेवाईट झाले, तर याच एका ओळीवरून सासू-सुनेत दावे उभे राहतात. म्हणून कपाटातला बाँड आजच काढून ती ओळ वाचावी.

नॉमिनी म्हणजे रकमेचा मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा विश्वस्त, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी खटल्यात ठरवले होते. २०१५ च्या दुरुस्तीने मात्र विमा कायदा, १९३८ च्या कलम ३९ मध्ये महत्त्वाचा फरक झाला. आई-वडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम त्या व्यक्तीच्या हक्काची मानली जाते. या तरतुदीवरही न्यायालयांत वाद झाले आहेत. तरीही आपल्या पश्चात पत्नी-मुलांना काही मिळावे, असे वाटत असेल, तर त्यांची नावे पॉलिसीत असायलाच हवीत. आईलाही वाटा द्यायचा असल्यास एकापेक्षा अधिक नॉमिनी नेमून प्रत्येकाची टक्केवारी लिहावी. भाऊ किंवा पुतण्या या यादीत बसत नाही; तो नॉमिनी असला, तरी पैसे वारसांचेच राहतात.

बदलासाठी विमा कंपनीच्या शाखेत नॉमिनी बदलाचा अर्ज भरून मूळ बाँडसह द्यावा. पॉलिसीची मुदत पूर्ण होण्यापूर्वी हा बदल कितीही वेळा करता येतो आणि त्यासाठी जुन्या नॉमिनीची संमती लागत नाही. पत्नीचे नाव तिच्या आधार कार्डावर जसे आहे तसेच लिहावे, कारण पॉलिसीत माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव असले, की ऐन दुःखात विवाह नोंदणीचा दाखला शोधत फिरावे लागते. नॉमिनी मूल अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचे असेल, तर त्याच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्तीही नेमावी आणि तिची सही घ्यावी.

नॉमिनी विमेदाराआधीच वारला आणि दुसरे नाव दिलेले नसले, तर रक्कम विमेदाराच्या वारसांकडे जाते. त्यासाठी कंपनी न्यायालयाचा वारस दाखला मागू शकते, आणि त्यात बराच काळ व पैसा जातो. म्हणून अशा वेळी नवे नाव लगेच नोंदवावे. नोंद झाल्याची लेखी पोच देणे कंपनीवर बंधनकारक आहे. ती मागून घ्यावी, बाँडला जोडावी आणि बाँड कुठे ठेवला आहे, हे घरात सांगून ठेवावे.