जुन्या बुलेट ३५०चं हेड बांधताना: व्हॉल्व्ह किती मिलिमीटरचा घ्यायचा?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हेडची कामं करतो. हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, व्हॉल्व्ह त्यातच बसतात. बुलेटचं हेड पोत्यात गुंडाळून आणणारा पोरगा पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच बोलतो: "काका, व्हॉल्व्ह मोठे टाकून द्या." मी त्याला आधी विचारतो, गाडी कुठं चालवणार? मागं कोण बसणार? घाट किती, सरळ रस्ता किती? ही उत्तरं मिळाल्याशिवाय मी हेडला हात लावत नाही. त्यामागं माझी स्वतःची चूक आहे.

माझ्या १९८७च्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये मी एकदा ४० मिलिमीटरचा इनलेट व्हॉल्व्ह (हवा-पेट्रोल आत घेणारा) बसवला होता. पोर्टही, म्हणजे व्हॉल्व्हपर्यंतची हवेची वाटही, त्या मापानं मोकळा केला. गाडी कोल्हापूर-सांगली रस्त्यावर ठीक पळाली. मग बायकोला मागं बसवून, सामान बांधून आंबा घाट चढायला घेतला, तेव्हा तिसऱ्या गिअरवर गाडीचा जीवच गेला. थ्रॉटल उघडला की ती खोकायची, दुसऱ्यावर टाकली तर नुसती ओरडायची. त्या रात्री घरी बसून जे गणित केलं, ते मी हेड बांधण्याआधी करायला हवं होतं.

ते गणित असं. बुलेट ३५०चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९०. पिस्टन एका फेऱ्यात दोनदा ९० मिलिमीटर धावतो, म्हणजे ५,००० आरपीएमला त्याचा सरासरी वेग सेकंदाला १५ मीटर. आता बोअरला पोर्टच्या गळ्यानं भागा, उत्तराचा वर्ग करा आणि पिस्टनच्या वेगानं गुणा. गळ्यातून हवा किती वेगानं जाते ते कळतं. गळा म्हणजे सीटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ज्या कड्यावर टेकतो त्याच्या, लगेच मागची सगळ्यात अरुंद जागा. गळा २६ असेल तर १०९ मीटर, २८ला ९४, ३०ला ८२. माझा गळा होता ३४. तिथं आकडा ६४वर येतो. आणि घाटात इंजिन असतं २,५०० आरपीएमला, म्हणजे तोही निम्मा: सेकंदाला जेमतेम ३२ मीटर. एवढ्या संथ हवेत पेट्रोलचे थेंब नीट तरंगत नाहीत, पोर्टच्या भिंतीला चिकटतात. पिस्टन खालून वर यायला लागल्यावरही आत शिरत राहण्याइतका जोर त्या हवेत उरत नाही. वर कार्ब्युरेटर मूळचा २४चा मिककार्बच होता. दार मोठं केलं, बोळ तेवढाच राहिला.

ज्या आरपीएमला पूर्ण ताकद हवी, तिथं हा आकडा ९० ते १०५च्या मधे बसवायचा, हा माझा ठोकताळा. या इंजिनासाठी मी ५,०००च्या वर विचारच करत नाही. जुन्या बुलेटच्या बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथं) फ्लोटिंग बुश, म्हणजे मोकळी फिरणारी कडी आहे, स्ट्रोक लांब आहे. तिला फिरवायला लावणं म्हणजे क्रँक उघडायची तयारी ठेवणं. म्हणून गळा २८. गळा व्हॉल्व्हच्या साधारण ८५ टक्के ठेवतात, म्हणजे इनलेट व्हॉल्व्ह ३३च्या आसपास. एक्झॉस्ट (जळका वायू बाहेर सोडणारा) इनलेटच्या ८२ ते ८८ टक्के, म्हणजे २७ ते २९. मी २८ धरतो. एक्झॉस्टला मागून दाब असतो, त्यामुळं त्याला कमी जागा चालते.

हेच आकडे डोळे झाकून दुसऱ्या गाडीला लावू नका. पल्सर एनएस२००चा बोअर ७२ आणि स्ट्रोक फक्त ४९ आहे. तिच्या पिस्टनला सेकंदाला १५ मीटर गाठायला जवळपास ९,२०० आरपीएम लागतात, आणि वर चार व्हॉल्व्ह. ते वेगळं जनावर आहे.

आता हेड. जुन्या बाजारात हेड घेताना चकाकी बघू नका, काचेचे बारीक मणी मारून कुठलंही हेड नवं दिसतं. मी रॉकेल आणि खडू घेऊन जातो. दोन सीटच्या मधला आणि सीटपासून प्लगच्या भोकापर्यंतचा भाग रॉकेलनं भिजवायचा, कोरडा पुसायचा, वरून खडूची पूड चोळायची. भेग असेल तर आतलं रॉकेल झिरपून पुडीवर काळपट रेघ उमटते. अशी रेघ दिसली तर कितीही स्वस्त मिळालं तरी ते हेड ठेवून यायचं. मग प्लगचे आटे, एक्झॉस्ट पोर्टचं तोंड, आणि रॉकर ब्लॉक ज्या स्टडवर बसतात त्यांचे आटे. हेडच्या तळावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांचं) ०.०५ मिलिमीटरचं पान खाली जातं का बघा. जात असेल तर फेसिंग, म्हणजे तळ घासून सपाट करणं, लागणार. आणि आधी किती वेळा फेसिंग झालंय हे विकणारा सांगत नाही, ते तुम्हीच मोजायचं.

व्हॉल्व्ह घेताना खिशात चुंबक ठेवा. चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक चिकटत नाही, कारण ते उष्णता सोसणारं ऑस्टेनिटिक पोलाद असतं. दांडा वेगळ्या पोलादाचा जोडलेला असेल तर तिथं चिकटू शकतो. इनलेटला सहसा डोक्यापासून चिकटतो. एक्झॉस्ट म्हणून दिलेल्या व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक घट्ट बसला तर मी तो परत करतो. दुसऱ्या इंजिनाचा व्हॉल्व्ह कापून बसवायचा असेल तर दांड्याची जाडी, लांबी आणि कॉटरची (स्प्रिंगची टोपी अडकवणाऱ्या खिळीची) खाच तिन्ही जुळली पाहिजेत. दोन जुळून चालत नाही.

सीटचं काम मात्र घाईत करू नका. माझ्या अनुभवात ३३च्या व्हॉल्व्हवर नीट मारलेली सीट ही कशीतरी घासलेल्या ३६पेक्षा जास्त देते. व्हॉल्व्ह थोडासाच उघडलेला असतो तेव्हा हवा त्याच्या कडेच्या फटीतून जाते, तेव्हा सगळा खेळ कडेच्या आकाराचा असतो. व्हॉल्व्ह आपल्या व्यासाच्या चौथ्या भागाइतका उचलला की ती फट डोक्याच्या क्षेत्रफळाएवढी होते. ३३साठी हे ८.२५ मिलिमीटर, ४०साठी १०. तुमच्या कॅमची लिफ्ट, म्हणजे तो व्हॉल्व्ह किती उचलतो ते, रॉकरनंतर, व्हॉल्व्हवरच डायल गेज लावून मोजा. तेवढी मिळत नसेल तर मोठ्या व्हॉल्व्हचे पैसे बरेचसे वाया जातात. मी सीट ४५ अंशांची मारतो, वर ३० आणि खाली ६०चा कट. इनलेटला १.२ मिलिमीटर रुंदी ठेवतो, एक्झॉस्टला १.६ ते १.८, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता प्रामुख्यानं सीटमधूनच हेडमध्ये उतरते. अरुंद सीट दिसायला छान, पण व्हॉल्व्ह जाळते. भारतात २००० सालापासून शिसंविरहित पेट्रोल आहे, म्हणून जुन्या मऊ सीट काढून कडक रिंग बसवा. हेड ओव्हनमध्ये २०० अंशांवर, रिंग फ्रीजरमध्ये. मग ती सरळ जाते. हातोड्यानं ठोकलेली रिंग घाटातच सुटते. आणि गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) आधी, सीट नंतर. गाईड ढिला ठेवून मारलेली सीट गोल असूनही चुकीच्या जागी असते.

जोडणी करताना पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली माती थापा, इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, उघडून माती ब्लेडनं कापा. इनलेटखाली किमान १.५ आणि एक्झॉस्टखाली २ मिलिमीटर हवी. बुलेटचे व्हॉल्व्ह तिरके आहेत, त्यामुळं मोठे केले की ते ओव्हरलॅपला, म्हणजे दोन्ही एकाच वेळी उघडे असताना, एकमेकांच्याही जवळ येतात. तिथंही दीड मिलिमीटर सोडा. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगला आणखी एक मिलिमीटर दबायला जागा उरली पाहिजे.

कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन खाली असतानाची एकूण जागा भागिले तो वर असताना उरलेली जागा, अंदाजानं सांगू नका. पिस्टन वरच्या टोकाला आणून, प्लगचं भोक सगळ्यात उंच येईल असं इंजिन तिरकं करा आणि मेडिकलच्या दुकानातल्या सिरिंजनं पातळ ऑइल आट्यांच्या तळापर्यंत भरा. ३४६ सीसीला ६२.९ सीसी भरलं तर कॉम्प्रेशन ६.५, ५३.२ भरलं तर ७.५. साध्या पेट्रोलवर मी ७.५ला थांबतो. खोल गेलेला व्हॉल्व्ह इथं लगेच पकडला जातो; ३३चा व्हॉल्व्ह एक मिलिमीटर खाली बसला की पाऊण सीसीहून जास्त जागा वाढते.

टॅपेट (पुश रॉडमधली फट) थंड इंजिनावर लावा: पुश रॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर पुन्हा बघा. एक्झॉस्टचा रॉड फिरेनासा झाला असेल तर फक्त ॲडजस्टर ढिला करून मोकळे होऊ नका. पुढच्या ५००ला परत बघा. पुन्हा आवळला असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत चाललाय आणि हेड उतरवावं लागणार.