खोपीवर मदत न्यायची, तर यादी आधी

हंगामात अवकाळी पाऊस आला की पलूस, वाळवा, कराड, कोरेगावच्या पट्ट्यात पहिल्यांदा खाली बसतात त्या ऊसतोड टोळ्यांच्या खोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या. काळी माती, सखल रान, वर एक विरलेली ताडपत्री. तोड बंद पडली की मजुरीही बंद. बीड, पाथर्डी, जतकडून आलेल्या या माणसांना इथं उसनं तरी कोण देणार? मदतीला धावणाऱ्या नव्या मुलांसाठी हे लिहितोय. वर्गणी कशी गोळा करायची हे तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडून बोलू.

पहिल्या दिवशी शिधा नेऊ नका. चूल भिजलेली, पाचट म्हणजे उसाचा वाळका पाला आणि सरपण ओलं. पीठ देऊन ते शिजवायचं कशावर? पहिले चोवीस तास शिजलेलं अन्न द्या. भाकरी, झुणका, ठेचा. मोठ्या माणसाला एका वेळी तीन भाकऱ्या धरा. खिचडी सोपी वाटते, पण डब्यात गरम कोंबलेली खिचडी संध्याकाळपर्यंत आंबते आणि पहिलं पोट बिघडतं ते लहान पोराचं.

आता यादी. यादी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याकडून, घ्यायची नाही. तो वाईट असतो म्हणून नव्हे. बहुतेकदा तो त्यांच्याच भागातला असतो आणि अडचणीत तोच धावतो. पण त्याची मोजदाद कामाची आहे, माणसांची नाही. त्याच्या वहीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. ‘वीस कोयते आहेत’ असं ऐकून तुम्ही वीस किट बांधता. खोपीत मात्र अंगावरचं पोर असतं, त्याला सांभाळायला आणलेली आठ-दहा वर्षांची बहीण असते, गावाकडे बघणारं कुणी नाही म्हणून आलेली सासू असते. वहीत यांतलं कुणीच नसतं. मग सहा तोंडांच्या खोपीला आणि एकट्या गड्याला सारखीच पिशवी जाते, आणि वाटप झाल्यावर तुमच्यादेखत भांडणं लागतात.

याहून वाईट भानगड उचलीची. हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तोडीतून फिटायची असते आणि तो हिशेब बाईला सहसा कुणी दाखवत नाही. मदत मुकादमाच्या हातून गेली तर ती त्या खात्यावर चढू शकते. तुम्ही फुकट दिलेलं पीठ कर्ज होऊन बसतं! म्हणून पिशवी खोपीच्या तोंडाशी, बाईच्या हातात द्या आणि चारचौघांत मोठ्यानं सांगा, ‘हे गावानं दिलंय, याचे पैसे कुणालाही द्यायचे नाहीत.’ प्रत्येक खोपीपाशी सांगा. कंटाळा करू नका.

यादी स्वतः करताना ‘घरात किती माणसं?’ असं विचारलं तर गावाकडचीही मोजली जातात. ‘रात्री इथं कोण कोण निजतं?’ असं विचारा. नाव, वय, मूळ गाव, गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल, एक फोन नंबर, एवढं पुरे. खडूचा आकडा ओल्यात पुसला जातो, म्हणून खोपीला आकडा लिहिलेली पट्टी बांधा. मुकादमाला वगळून मात्र जाऊ नका. आधी रामराम करा, काय करणार ते सांगा. घाबरायचं कारण नाही, नीट बोललं तर सहसा कुणी अडवत नाही.

पाच जणांना सात दिवसांसाठी ज्वारी-बाजरीचं पीठ 9 किलो, तांदूळ 5 किलो, तूरडाळ 2 किलो, तेल 1 लिटर, साखर 1 किलो, मीठ, तिखट, चहा, साबण, ओआरएसच्या पुड्या आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या काडेपेट्या. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. वाटपाच्या आदल्या दिवशीच दळा. खोपीला 4 बाय 6 मीटरची ताडपत्री द्या आणि खाली अंथरायला वेगळा प्लॅस्टिकचा कागद, हा सगळे विसरतात. दोन कुदळी न्या. खोपीभोवती वीतभर चर उताराकडे काढला नाही, तर वरची ताडपत्री वाया गेली म्हणून समजा.

जुने कपडे घेऊच नका, निवडण्यात दोन दिवस जातात. दूध पावडर आणि बाटल्या तर अजिबात नकोत. ओल्या, घाणेरड्या पाण्यात ते तान्ह्याच्या जिवावर बेततं. आईला पोटभर जेवण द्या. फोटोचा हट्ट धरणारा देणगीदार परत पाठवला तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

शिधा संपल्यावरचा आधार रेशनचा. बीडच्या कार्डावर इथल्या रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. ‘प्राधान्य कुटुंब’ गटातल्या कार्डाला महिन्याला माणशी 5 किलो. मात्र त्या महिन्याचं सगळं धान्य गावाकडे उचललेलं असेल तर इथं काही मिळत नाही, तेव्हा आधी घरी फोन लावायला सांगा. कोयता धरून अंगठे झिजलेले असतात, यंत्र ओळखत नाही. कार्डावरचं दुसरं माणूस सोबत न्या.

पावसात पाचटाखाली घोणस येते. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. हात-पाय हलू न देता 108 ला फोन करून थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. मांत्रिकाकडे नेऊ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसू नका, गाडी सुरू करा.

हे काम शिकायचं तर शहरातल्या प्रशिक्षण शिबिरांपेक्षा गावच्या आशाताईंच्या मागे दोन दिवस फिरा. कुठल्या खोपीत कोण अवघडलेली आहे, हे त्यांना पाठ असतं. पण फड, म्हणजे तोडीचं रान, हलला की टोळी दुसऱ्या गावच्या हद्दीत जाते आणि ही माहिती मागेच राहते. दिवस भरत आलेली बाई असेल, तर पुढच्या गावच्या आशाताईंचा नंबर तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये त्याच दिवशी घाला, आणि त्याच्यासमोर एकदा लावून बघा.