निळा रंग मारूनही पॉलिप दिसत नाही? या चुका टाळा

बेळगावात एंडोस्कोपीच्या खोलीत मी टेक्निशियन आहे. स्कोप, म्हणजे आतडं पाहायची कॅमेऱ्याची नळी, डॉक्टरांच्या हातात, निळ्या पाण्याची सिरिंज माझ्या. पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवलेली गाठ. मोठ्या आतड्यातला देठाचा पॉलिप रंगाशिवायही दिसतो. रंग लागतो तो सपाट पॉलिपला, त्यातही उजव्या बाजूच्या घडीआड दडलेल्याला. पण हा रंग वाया जातो तो बहुतेक वेळा आदल्या रात्रीच, पेशंटच्या घरी.

पोट साफ नसेल तर रंग मळाला लागतो. जुलाबाचं औषध अर्धं आदल्या संध्याकाळी घ्यायचं. उरलेलं तपासणीच्या चार-सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवायचं. खानापूर-निपाणीकडची माणसं हा दुसरा भाग हटकून गाळतात. सकाळची बस, वाटेत लागली तर बसायचं कुठं? दुपारची वेळ मागून घ्या, नाहीतर आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे उतरा. दुसरी अडचण कागदाची. सूचना कन्नड आणि इंग्रजीत, आजीला येते मराठी. कागद देणाऱ्याकडून सगळं मराठीत वदवून घ्या आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा.

कारळ्याची, जवसाची चटणी दोन-तीन दिवस आधीच बंद. बिया सक्शनमध्ये, म्हणजे स्कोपमधून पाणी ओढून घेणाऱ्या वाटेत, अडकतात. लाल-जांभळं पेयही नको, एक मावशी शपथेवर म्हणाल्या, "लाल काहीच घेतलं नाही वो, नुसतं कोकम सरबत!" लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिकट होतो, त्या डॉक्टरांना विचारून पाच-सात दिवस आधी थांबवा.

आता आमच्या चुका. निळे रंग दोन. इंडिगो कार्मिन आतड्यात शोषला जात नाही, खाचांत साचून उंचवटा दाखवतो. मिथिलिन ब्ल्यू पेशी शोषून घेतात, त्याला मिनिटभर द्यावं लागतं. तिथं घाई नडते. रंग गडद म्हणजे चांगला, हाही गैरसमज. पूर्ण आतड्यावर मारायचा तर १ टक्क्याची १० मिली मिथिलिन ब्ल्यू २४० मिली पाण्यात घातली की ०.०४ टक्के होतं, तेवढं पुरतं. काळोखी डबकी साचली तर सक्शन करा. फेस असेल तर आधी सिमेथिकोन या फेस मोडणाऱ्या औषधाच्या पाण्यानं धुवा. सपाट पॉलिपवर बऱ्याचदा पिवळट शेंबडाची टोपी असते. ती न धुता रंग मारला तर टोपीच निळी होते. आणि रंग मारला म्हणून स्कोप भराभर मागे ओढू नका. साध्या तपासणीतही मागे येताना किमान सहा मिनिटं लागतात, रंगासह त्याहून जास्त.

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार) भडकलेला असताना ही रंगाची तपासणी शक्यतो पुढे ढकलतात, कारण सुजलेली जागा आणि रोगट गाठ यांतला फरक कळत नाही.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील किंवा जी-सिक्स-पी-डी या तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असेल तर ते आधी सांगा. मिथिलिन ब्ल्यू अशांना त्रासदायक ठरू शकतं. लाजून लपवलेली गोळी आम्हाला स्कोपमधून दिसत नाही.

रात्री अकराला फोन येतो, लघवी हिरवी झाली म्हणून. तो मिथिलिन ब्ल्यूचाच रंग, एक-दोन दिवसांत जातो. पोट कडक झालं, ताप आला किंवा रक्त पडलं, तर मात्र फोन करत बसू नका, थेट या.