जुन्या लुगड्याची गोधडी आणि मोठ्याने वाचन: कोकणातल्या थंडीची तयारी कशी करायची

कोकणातली थंडी तशी नाजूक. समुद्राला लागून मुरुड, गुहागर, वेंगुर्ल्याला पहाटे पंखा बंद केला की भागतं, पण आत दापोलीला किंवा घाटाच्या पायथ्याच्या गावांत डिसेंबर-जानेवारीत चांगलीच हुडहुडी भरते, दापोलीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरल्याच्या बातम्या तुम्ही पण वाचल्या असतील. या थंडीला दुकानातला जाड रग चालत नाही, मध्यरात्री घाम फुटतो, लाथाडून दिला की पहाटे गारठायला होतं. चार-पाच थरांची सुती गोधडी मात्र रात्रभर अंगावर राहते. आणि ती घरीच शिवायची असेल तर माझं अगदी ठाम मत आहे की एकट्याने गप्प बसून शिवू नका, एकाने मोठ्याने वाचायचं आणि बाकीच्यांनी टाके घालायचे, दिवाळी ते शिमगा हे दोन्ही एकत्र होऊन जातं.

आधी ऊन, मग सुई

तयारी दिवाळीत नाही, ऑक्टोबरमधेच सुरू करायची. पाऊस पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मागे फिरतो आणि मग जे रटरटीत ऊन पडतं ना, ते फुकट घालवायचं नाही. चार महिने कपाटात कोंडलेल्या साड्यांना आणि पुस्तकांना एकाच वेळी हवा द्या, कारण दोघांचा शत्रू एकच, दमट हवा आणि कसर. कसरीला स्टार्च आवडतो, साडीला लावलेली खळ आणि जुन्या पुस्तकाच्या बांधणीतली खळ तिला सारखीच. म्हणून ज्या साड्या गोधडीत जाणार त्या गरम पाण्यात भिजवून खळ पूर्ण काढून टाका आणि दोन दिवस कडकडीत वाळवा. वरून सुकल्यासारखी वाटते पण काठाच्या जाड भागात ओल राहते, तिथे हात लावून बघा. आतल्या थरात ओल राहून गेली तर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते काही केल्या जात नाहीत.

पुस्तकांना मात्र थेट उन्हात टाकू नका, कागद पिवळा पडतो, पाठीचा गोंद तडकतो. पडवीत, वारा खेळेल अशा सावलीत पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडून ठेवायची. बुरशी दिसली तर घराबाहेर नेऊन, तोंडाला फडकं बांधून, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं फिरवायचं नाही, डाग आत पसरतो. पाण्याने पुस्तकाचं काय होतं ते 2021 च्या महापुरानंतर चिपळूणकरांना सांगायची गरज नाही.

कुठली साडी घ्यायची

सुती आणि वापरून मऊ झालेली. आजीचं नऊवारी लुगडं असेल तर त्यासारखं दुसरं काही नाही. साडी उजेडासमोर धरा, आरपार विरळ दिसली किंवा दोन्ही हातांनी आडवी ओढल्यावर करकर आवाज आला तर तो भाग कापून टाका, तो गोधडीत गेला तरी आत फाटणारच. पॉलिस्टर किंवा सिंथेटिक साडी आपल्या हवेत अंगाला चिकटते, शिवाय थर एकमेकांवरून घसरतात, त्यामुळे ती नकोच. रंग जाणारी साडी ओळखायला पांढरं ओलं फडकं तिच्यावर जोरात घासा. फडक्याला रंग लागला तर ती वेगळी धुऊन घ्या, आणि तरी रंग सोडत असेल तर बाजूला ठेवा.

हिशोब सोपा आहे. साडीची रुंदी साधारण 45 इंच. पाचवारी साडी साडेपाच मीटर धरली तर तिचे 6 फुटी तीन तुकडे होतात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात, म्हणजे एका लुगड्यात एका माणसाच्या पांघरुणाचं पोट भरलं, फक्त वरचा थर वेगळा घ्यायचा. पांघरायला चार-पाच थर पुरे, खाली अंथरायला सात-आठ. डबल हवी असेल तर दोन तुकडे काठाला काठ जोडून घ्या, पण प्रत्येक थराचा जोड वेगळ्या जागी येऊ द्या, नाहीतर मधोमध एक जाड वळ उठते आणि झोपताना पाठीला टोचते. काठ मजबूत असतील तर ते आधीच उसवून किंवा कापून बाजूला ठेवा, शेवटी गोट लावायला लागतील.

वरच्या थरासाठी उरलेले तुकडे चौकोनी कापून जोडले की झालं, बाळाचं झबलं, शाळेचा युनिफॉर्म, फाटलेला सुती शर्ट, सगळं चालतं. नवीन कापड वापरणार असाल तर धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात तेवढाच चौकोन आखडतो आणि आजूबाजूला चुण्या येतात.

थर लावणे

हे काम दोघांचं आहे, एकट्याने करायला जाऊ नका. सारवलेल्या खळ्यात कापड छान धरून राहतं, पण दिवाळीच्या आसपास खळ्यात भात असतं, त्यामुळे झोडणी आटपेपर्यंत माजघरच बरं. लादीवर घसरतं म्हणून खाली जुनी चादर घाला. सगळ्यात खाली अस्तर उलटं टाका, त्यावर एकेक थर पसरा, प्रत्येक थर मधून कडेकडे हाताने सारखा करत जा, चारही कोपऱ्यांवर पाट किंवा जड डबे ठेवा. वरचा तुकड्यांचा थर शेवटी, सुलटा. मग लांब लांब कच्चे टाके, आडवे-उभे, एकेक वीत सोडून. हे टाके नंतर काढायचेच असतात म्हणून लोक कंटाळा करतात, पण कच्च्या टाक्यांशिवाय थर सरकतात आणि शेवटी एका कोपऱ्यात सगळं कापड गोळा होतं. तेव्हा हे टाळू नका.

टाके

लांब आणि मोठ्या नेढ्याची सुई, सुती जाड दोरा, बोटात अंगुस्तान. नायलॉनचा दोरा नको, तो जुन्या सुती कापडाला हळूहळू कापतो. दोरा हातभरच घ्यायचा, जास्त लांब घेतला की गुंता होतो, आणि मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला की कापडातून सरसर जातो. गाठ थरांच्या मधे लपवायची.

धावदोराच घालायचा, अर्धा ते एक सेंटीमीटरचा टाका, सुई जितकी उभी जाईल तितकी चांगली, म्हणजे खालच्या बाजूला पण टाका नीट दिसतो. सुईवर तीन-चार टाके भरून एकदम ओढा, पण दोरा ताणू नका. नवीन माणसाने मधल्या ओळीपासून सुरुवात करून दोन्ही कडांकडे जावं, म्हणजे चुणी आलीच तर कडेला सरकून निघून जाते. मुरलेल्या बायका कडेने सुरू करून गोल गोल आत येतात, ते दिसायला फार सुंदर, पण त्याला हात बसलेला लागतो.

ओळींमधलं अंतर पांघरायच्या गोधडीला इंचभर, अंथरायच्या गोधडीला त्याहून कमी. ऊब येते ती थरांमधे अडकलेल्या हवेमुळे, टाके फार दाट घातले की गोधडी टणक आणि टिकाऊ होते पण ऊब कमी होते. 45 इंच रुंदीत इंचा-इंचावर ओळी घेतल्या तर 44 ओळी, प्रत्येक 6 फुटी, म्हणजे 264 फूट, साधारण 80 मीटर शिवण झाली, दोरा 100 मीटरच्या वर आणून ठेवा. नवशिक्याच्या तासाला तीन ओळी धरल्या आणि रोज तासभर बसलं तरी पंधरा संध्याकाळी लागतात, आणि समोरासमोर दोघी बसल्या तर त्याच्या निम्म्या.

सगळं झालं की कडा सारख्या कापून काठाच्या पट्टीचा गोट लावा, पट्टी 3 इंच रुंद, दुमडून दोन्ही बाजूंनी कड आत घ्यायची. कोपरे दोनदा शिवा, पोरं गोधडी कोपऱ्याला धरूनच ओढतात.

आणि वाचायचं काय, कोणी

या पंधरा संध्याकाळी टीव्ही लावून पण जातील, पण टीव्हीकडे बघायला मान वर करावी लागते आणि टाका वाकडा जातो. ऐकायला मान वर करावी लागत नाही. म्हणून वाचन. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्या आजीला टाका हाताने कळतो, ती शिवेल. ज्याला सुई धरता येत नाही तो वाचेल. इंग्लिश मीडियमच्या मुलांना तर मुद्दाम वाचायला बसवा, सुरुवातीला जोडाक्षरांवर अडखळतील, अडखळू द्या, मधेच हिसकावून घेऊ नका, चार-पाच दिवसांत जीभ वळायला लागते आणि घरातले सगळे आपलं ऐकतायत याचा त्यांना फार आनंद असतो.

वाचायला अर्धा-पाऊण तासात संपेल अशी कथा सगळ्यात चांगली, संवाद भरपूर असतील तर आणखी मजा. मालवणी संवाद असतील तर ते मालवणी बोलणाऱ्यानेच वाचावेत. प्रवासवर्णन, आठवणी पण जमतात. तळटिपा आणि आकडेवारी असलेले लेख स्वतःसाठी ठेवा, गोधडी पांघरून. कादंबरी घेतली तर रोज एक प्रकरण आणि चुकलेल्या माणसाला आधीचं थोडक्यात सांगायचं, हे सांगायचं काम पोरांना द्या.

या सगळ्याला दिवाळी अंक अगदी योग्य. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून दिवाळीला मराठी घरात वाचायला काहीतरी नवीन येतंच. दहा अंक विकत घ्यायची गरज नाही, दोन घ्या आणि बाकी वाचनालयातून आणा, बऱ्याच वाचनालयांत थोडे पैसे भरून सगळे अंक आळीपाळीने वाचायची योजना असते. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा मोठी आहे, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 चं. वर्गणी भरा, जात राहा, तिथे माणसं गेली नाहीत तर ही कपाटं कोणासाठी उघडी राहणार.

वेळ संध्याकाळी दिवेलागणीनंतर, जेवणाआधी. उजव्या हाताने शिवणाऱ्याच्या डाव्या बाजूने उजेड यावा म्हणजे सुईवर सावली पडत नाही, वाचणाऱ्याला वेगळा दिवा, आणि लाइट गेली तर चार्जिंगचा कंदील जवळ हवाच. जत्रा आणि दशावताराच्या रात्री सोडून द्यायच्या, तेव्हा कोणी बसणार नाही आणि बसू पण नये. रायगडात पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचा बेत) लागली असेल त्या दिवशी पण सुट्टी!

वापर आणि सांभाळ

आपल्या दमट हवेत सुती गोधडी ओल शोषून घेते, म्हणून आठवड्याला एकदा तरी ऊन दाखवा, दोन्ही बाजू. धुणं हंगामात एकदाच, शिमगा झाल्यावर, कडक ऊन असताना आणि दिवस मोकळा असताना. भिजली की ती एकट्याने उचलत नाही, दोघं लागतात. पिळू नका, टाके तुटतात, नुसती दाबून पाणी काढायचं आणि दोरीवर न टाकता कातळावर किंवा गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, पसरायची, दोरीवर टाकली तर वजनाने मधोमध लोंबते आणि थर खाली उतरतात.

मग मे महिन्याच्या शेवटी, मृग लागायच्या आधी, शेवटचं ऊन देऊन, पूर्ण गार झाल्यावर सुती चादरीत गुंडाळून पेटीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची नाही, आतली थोडीशी ओल पण अडकते. वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून टाका, पेटी जमिनीवर न ठेवता दोन फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून वीतभर लांब. पुस्तकांच्या कपाटाला पण हाच नियम, कपाट भिंतीला चिकटवायचं नाही आणि खालचा कप्पा पावसाळ्यात रिकामाच ठेवायचा.