पंपावर फोन खिशात, आणि बाकीचंही थोडं

एकीकडे ‘मोबाइल वापरू नका’ची पाटी, दुसरीकडे क्यूआर कोड. गिऱ्हाईक हसतं, हसणारच. अमरावती रोडवरच्या पंपावर मी शिफ्ट सांभाळते. पंपांना परवाने देणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आमच्याच नागपुरात, त्यामुळे नियम तोंडपाठ.

सिग्नलने पेट्रोल पेटतं ही भीती जवळपास निराधार आहे. अमेरिकेतल्या पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने पंपांवरच्या आगींची माहिती गोळा केली, तेव्हा मोबाइलमुळे लागल्याचं सिद्ध झालेली एकही आग निघाली नाही. सीटला कपडे घासून अंगावर साठलेल्या विजेची ठिणगी मात्र वारंवार निघाली. म्हणून हिवाळ्यात, हवा कोरडी असताना गाडीतून उतरलात की आधी दाराच्या पत्र्याला हात लावा, मग टाकीचं झाकण उघडा.

तरी फोन खिशातच ठेवा. कानाला फोन असलेल्या माणसाला ‘भाऊ, उतरा’ तीनदा सांगावं लागतं. पैसे भरायचे तर झाकण लावून, मशीनपासून बाजूला जाऊन स्कॅन करा.

खरी धास्ती वाफेची. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड, दिसत नाही, जमिनीलगत पसरते. उणे ४० अंशांच्या आसपासही पेट्रोल पेटण्याइतकी वाफ सोडतं. आमच्या मे महिन्याचं तर विचारूच नका. म्हणून इंजिन बंद, आणि दुचाकीवरून सगळ्यांनी उतरायचं, टाकीवर बसवलेल्या लेकरासकट. ‘ताई, तोंडापर्यंत भरा’ हा हट्ट नको, सांडलेलं थेट तापलेल्या इंजिनवर जातं. सांडलंच तर किक मारू नका. गाडी ढकलत बाजूला न्या, पुसा, वाळू द्या.

फवारणी पंपासाठी पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मागू नका. मिळणार नाही, रुसलात तरी.

भरताना टाकीच्या तोंडाशी जाळ दिसला तर नोझल ओढून काढू नका. पेट्रोल उडून आग पसरते. गाडीतल्यांना उतरवा, ओरडा, लांब व्हा. आम्ही इमर्जन्सी स्विच दाबतो आणि पावडरचा सिलिंडर घेतो: पिन काढायची, फवारा जाळाच्या बुडाशी. पाणी मारायचं नाही. तुम्ही लांब गेल्यावर १०१ किंवा ११२ लावा. व्हिडिओ काढायचाच असेल तर रस्त्याच्या पलीकडून.