मोठ्यांच्या इंग्रजी वर्गात खेळ कसा घ्यावा

इंदूरच्या माझ्या वर्गात दुकान सांभाळणारे काका येतात, परदेशातल्या नातवंडांशी बोलायचंय म्हणून काकू येतात. त्यांच्यापुढे टाळ्या वाजवत बालगीतं म्हणायचा सल्ला देणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

एकाला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नाही आणि विचारल्याशिवाय कळणारही नाही, असाच खेळ निवडा. शब्दकोड्यांनी शब्द वाढतात, पण बोलायची वेळच येत नाही.

राजवाड्याच्या परिसराचा साधा नकाशा काढा. एका प्रतीत सराफा आणि काच मंदिर दाखवा, दुसरीत कृष्णपुरा छत्री आणि खजुरी बाजार. जोडीला पाठीला पाठ लावून बसवा, नाहीतर डोकावून उत्तरं भरतात. एकमेकांना इंग्रजीत विचारून नकाशा पुरा करायचा. नियम मराठीत सांगा आणि एक फेरी स्वतः खेळून दाखवा.

आता अवघड भाग. खेळ रंगतो आणि काकू विचारतात, ‘व्हेअर इट इज?’ तुमच्या जिभेवर ‘व्हेअर इज इट’ आलेलं असतं. गिळा ते. हा मोह आवरायला मलाही फार वेळ लागला. चारचौघांत मध्येच टोकलेली मोठी व्यक्ती चूक सुधारत नाही, गप्प होते. पुढची वाक्यं ती मनात तपासून बघते आणि शेवटी शेजाऱ्याला बोलायला लावते. ‘लगेच सुधारलं नाही तर चूक पक्की होते’ हे मला अजिबात पटत नाही. बोलणंच थांबलं तर सुधारणार काय? समोरच्याला अर्थच कळला नाही, तेवढ्यापुरतंच मध्ये पडा.

वही घेऊन फिरा. वाक्य टिपा, नाव नको. आपल्याकडे ठरावीक चुका येतात: ‘डिड नॉट वेंट’, प्रश्नात गाळलेलं ‘डू’, आणि ‘अ’, ‘द’ विसरणं, कारण मराठीत तसं काही नसतंच. शेवटची 10 मिनिटं राखून ठेवा. टिपलेली चार-पाच वाक्यं फळ्यावर लिहा, त्यांत दोन बरोबर वाक्यंही मिसळा आणि कुठलं चूक ते जोड्यांनाच शोधू द्या. वाक्य कोणाचं होतं ते विचारलं तरी सांगू नका.

गुण देऊ नका. हरलेल्याला बाहेर बसवणारे खेळ तर नकोतच; ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच आधी बाहेर जातो.

पुढच्या तासाला नवा खेळ शोधत बसू नका. जोड्या बदला, ठिकाणं बदला आणि हाच नकाशा पुन्हा द्या. काय विचारायचं ते आता ठाऊक असतं, त्यामुळे कसं विचारायचं याकडे लक्ष जातं.