बिघडलेली गाडी संस्थेला देताय? या चुका टाळा

नागपुरातल्या कुठल्याही जुन्या फ्लॅट स्कीमच्या पार्किंगमध्ये डोकावलं, की कव्हर टाकलेली, चाकांतली हवा गेलेली एखादी कार दिसतेच. कुणाची अपघातात समोरून चेपलेली असते. कुणाची २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, शंकरनगर भागांत पाणी शिरलं, तेव्हा बुडालेली असते. दुरुस्ती परवडत नाही आणि कबाड्याला द्यायचं मन होत नाही. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "एखाद्या संस्थेला देऊन टाकू, कुणाच्या तरी कामी येईल."

ही इच्छा मनापासूनची असते. मी एका लहान सेवाभावी संस्थेचे हिशेब पाहतो, त्यामुळे असे फोन माझ्याकडे येतात. इच्छा चांगली असूनही बरीच प्रकरणं कागदांत अडकतात आणि गाडी आणखी दोन पावसाळे तिथेच गंजते. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

"गाडी पाठवतो, पुढचं तुम्ही बघा"

परदेशात काही संस्था नादुरुस्त गाडी घरून उचलून नेतात, लिलावात विकतात आणि दात्याला पावती देतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रस्टकडे अशी यंत्रणा नाही. क्रेनचं भाडं, जागा, दुरुस्ती, विमा, ड्रायव्हर हे सगळं त्यांच्याच तिजोरीतून जातं. त्यामुळे बंद गाडी दारात उभी राहिली, की त्या दिवसापासून संस्थेचा खर्च सुरू होतो. आधी फोन करून सरळ विचारा: "तुम्हाला गाडी हवी आहे, की तिचे येतील ते पैसे?" बहुतेक ठिकाणी उत्तर "पैसे" असंच येईल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

संस्थेला गाडीच हवी असेल, तर विश्वस्तांचा लेखी ठराव मागा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार घेणाऱ्याने स्वीकारल्याशिवाय दान पूर्ण होत नाही, आणि तो स्वीकार दात्याच्या हयातीतच व्हावा लागतो. संस्थेच्या आवारात गाडी लावून चावी चौकीदाराकडे देणं म्हणजे दान नव्हे. ट्रस्टचा धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांकही याच वेळी पाहून घ्या.

पुरातल्या गाडीबद्दल मौन

याबद्दल मला सर्वात जास्त काळजी वाटते. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सीट वाळवून चांगली दिसू शकते. पण वायरिंगच्या जोडांत, एअरबॅगच्या सेन्सरमध्ये, इंजिनच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिटमध्ये गेलेला ओलावा काही महिन्यांनी डोकं वर काढतो. अशा गाडीतून संस्था उद्या मुलांची किंवा डायलिसिसच्या रुग्णांची ने-आण करणार असेल, तर "थोडं पाणी गेलं होतं" एवढं सांगून भागणार नाही. पाणी डॅशबोर्डपर्यंत आलं होतं की फक्त पायाजवळ, नंतर काय काय बदललं, गाडी किती दिवस बंद होती, हे लिहून द्या. आणि "बघा, चालू होते" हे दाखवण्यासाठी बुडालेल्या गाडीला सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि वाचू शकलं असतं ते इंजिनही जातं.

नाव न बदलता चावी देणं

हे सर्वात महागात पडतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे हस्तांतरणाची माहिती देणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आरटीओला द्यायची असते, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात. आपली गाडी एमएच ३१ ची आहे, ४९ ची की ४० ची, त्याप्रमाणे शहर, पूर्व किंवा ग्रामीण कार्यालय ठरतं. दान आहे म्हणून यातून सूट नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गाडी प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हाती गेलेली असली तरी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. म्हणजे तुम्ही श्रद्धेने दिलेल्या गाडीने वर्धा रोडवर कुणाला उडवलं, तर नोटीस तुमच्या घरी येईल.

दुसरा धोका याहून वाईट आहे. नाव तुमचंच ठेवून गाडी दोन-तीन हातांतून कबाड्याकडे गेली, तर तिची आरसी आणि चासी नंबर चोरीच्या तशाच गाडीवर चढवले जाऊ शकतात. अपघातात संपलेल्या गाड्यांच्या कागदांना मागणी असते ती यासाठीच. कोऱ्या फॉर्मवर सही करून देऊ नका, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

विमा आणि पोलीस

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण नुकसान, धरते. दावा त्या प्रकारे निकाली निघाला असेल, तर सांगाडा तुमचा की कंपनीचा, हे सेटलमेंटच्या पत्रात वाचा. कंपनीच्या मालकीची वस्तू दान देता येत नाही. दावा अजून चालू असेल तर थांबा.

अपघाताच्या गुन्ह्यात गाडी जप्त होऊन सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालयाच्या अटींवर तात्पुरती तुमच्या ताब्यात, सुटलेली असेल, तर न्यायालयाच्या परवानगीशिवाय तिची विल्हेवाट लावू नका. घरी उभी आहे म्हणून ती मोकळी झाली असं नाही. नो क्लेम बोनस मात्र गाडीचा नसून तुमचा असतो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला उपयोगी पडेल.

८०जी चा गैरसमज

"गाडी दोन लाखांची होती, तेवढी पावती द्या," असं लोक म्हणतात. आयकरात वस्तूरूप दानाला ८०जी ची, म्हणजे देणगीसाठी करपात्र उत्पन्नातून मिळणारी, वजावट नाही, ती फक्त पैशाच्या देणगीला आहे. त्यातही २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट नाहीच. जी संस्था गाडीच्या बदल्यात मोठ्या रकमेची पावती देऊ करते, तिच्यापासून दूर राहा.

मग करायचं काय?

गाडी खरोखर दुरुस्तीपलीकडे असेल, तर ती सरकारमान्य वाहन स्क्रॅपिंग केंद्राला द्यावी आणि आलेले पैसे बँकेतून संस्थेला द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. या केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. गाडी कुठल्याही जिल्ह्यातली असली तरी कोणत्याही नोंदणीकृत केंद्रात देता येते. केंद्र ती चोरीच्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतं, भंगाराचं मूल्य तुमच्या खात्यात टाकतं आणि गाडी जमा केल्याचं डिपॉझिट सर्टिफिकेट देतं. त्यावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. बॅटरी, तेल, एसीचा गॅस हेही तिथे रीतसर काढलं जातं, नाल्यात जात नाही. संस्थेला हातात येणारा पैसा मिळतो, तुम्हाला अटी बसत असतील तर ८०जी मिळते, आणि तुमचं नाव गाडीपासून सुटतं.

अडचणी बहुधा इथे येतात. आरसी हरवली असेल तर पोलिसांत नोंद करून फॉर्म २६ ने दुसरी प्रत काढा. बँकेचं कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवर बोजा तसाच असेल, तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. गाडी दिवंगत वडिलांच्या नावावर असेल तर आधी वारसाच्या नावावर, फॉर्म ३१ ने. भावंडांची संमती आधीच लेखी घ्या, नंतर त्यावरून मनं दुखावतात. थकलेले ई-चलान भरून टाका. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी संस्थेच्या नावावर करायची असेल, तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसल्याने आरटीओत काम अडू शकतं. फास्टॅग बंद करा आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातले जुने कागद काढून घ्या.

गाडी गेल्यावर महिनाभराने परिवहनच्या पोर्टलवर तिचा नंबर टाकून पाहा. अजून तुमचंच नाव दिसत असेल, तर संस्थेला किंवा केंद्राला लेखी विचारा, आरटीओला कळवा, आणि त्या पत्रावर पोच घेऊन ती जपून ठेवा.